पाण्यात उतरलेली माणसं

लोकांना बरं वाटावं म्हणून चित्रपट काढण्यात कमीपणा काहीच नाही. हे सुरुवातीलाच सांगतो, कारण पुढच्या पानांमध्ये एका अतिशय लोकप्रिय फ्रेंच चित्रपटावर कडक टीका आहे आणि ती करमणुकीला नाकं मुरडणाऱ्या माणसाने केली आहे असा समज व्हायला नको. दिवसभर राबलेला माणूस संध्याकाळी तिकीट काढतो, अनोळखी लोकांमध्ये बसून दोन तास हसतो, डोळे पुसतो आणि थोडा हलका होऊन घरी जातो. सिनेमाने माणसासाठी केलेल्या मोठ्या कामांपैकी हे एक आहे असं मी मानतो. म्हणूनच ते काम अर्धवट टाकलेलं दिसलं की जिवाला लागतं.

जील ललूश यांचा 'ल ग्रां बॅं' पाहताना तसं झालं. इंग्रजीत तो 'सिंक ऑर स्विम' या नावाने आला. मे २०१८ मध्ये कान महोत्सवात स्पर्धेबाहेरच्या विभागात तो दाखवला गेला, २४ ऑक्टोबरला फ्रान्सभर प्रदर्शित झाला आणि चाळीस लाखांहून जास्त प्रेक्षकांनी थिएटरात जाऊन पाहिला. सेझार पुरस्कारांसाठी त्याला दहा नामांकनं होती. त्यातला सहायक अभिनेत्याचा पुरस्कार फिलिप कातरीन यांना मिळाला आणि तो त्यांना मिळायलाच हवा होता. अशा यशस्वी चित्रपटाला निराशाजनक म्हणायचं तर कारणं नीट मांडली पाहिजेत. हे छोटं पुस्तक त्यासाठीच लिहिलं आहे. फ्रेंच लोक ज्याला 'फिल्म कोराल' म्हणतात, म्हणजे ज्यात एकटा नायक नसतो, सात-आठ जणांचा मेळा असतो, त्या प्रकाराची ओळख इथे या एका चित्रपटाच्या निमित्ताने करून दिली आहे.

गोष्ट थोडक्यात अशी. बेर्त्रां नावाचा चाळिशीतला माणूस दोन वर्षं नैराश्यात आहे. नोकरी गेलेली. सकाळी बायकोची, मुलांची आवराआवर चालू असते आणि हा घरच्या कपड्यांत सोफ्यावर पडून मोबाइलवर गेम खेळत असतो. माथ्यू आमालरिक यांनी ही भूमिका इतक्या हळुवारपणे केली आहे की बेर्त्रांची कीव करावीशी वाटत नाही, त्याच्या शेजारी गप्प बसून राहावंसं वाटतं. नैराश्यातला माणूस पडद्यावर आला की तो रडतो, ओरडतो, खिडकीत उभा राहून पाऊस बघतो. बेर्त्रां यातलं काही करत नाही. तो सभ्यपणे सगळ्यांच्या वाटेतून बाजूला होत राहतो. मेव्हणीच्या आणि साडूच्या बोलण्यातली दया त्याला कळते आणि तो ती पाहुण्याला दिलेल्या चहासारखी स्वीकारतो. त्याची बायको क्लेर हे काम मारिना फोइस यांनी केलं आहे. नवऱ्याबद्दल कोणी हलकं बोललं की ती जी उसळते, त्यात वर्षानुवर्षांची थकावट आणि निष्ठा एकदम दिसते. चित्रपटातलं सगळ्यात खरं लग्न हेच.

एक दिवस बेर्त्रांला गावच्या पोहण्याच्या तलावावर एक चिठ्ठी चिकटवलेली दिसते. पुरुषांच्या तालबद्ध जलतरणाच्या गटाला माणसं हवी आहेत. तो जातो. तिथे त्याच्यासारखेच सगळे. पोहण्याचे तलाव विकण्याचा धंदा बुडत आलेला मार्क्युस, हे काम बनुआ पुलवोर्द यांचं. सदा संतापलेला लोराँ, म्हणजे गियोम काने. शाळेच्या खानावळीत काम करणारा आणि गाडीतच राहणारा, अजून रॉक गायक होण्याची आशा धरून बसलेला सिमों. त्याच शाळेत शिकणाऱ्या मुलीला बापाची लाज वाटते. सिमोंची भूमिका जाँ-युग आंग्लाद यांनी केली आहे. तलावावरचा कर्मचारी तिएरी, म्हणजे कातरीन. शिवाय आणखी दोन-तीन जण. त्यांना शिकवणारी देल्फीन ही एकेकाळची अव्वल जलतरणपटू, आता दारू सोडण्याच्या प्रयत्नात असलेली. ती तलावाच्या काठावर बसून या ढेरपोट्या, केस विरळ झालेल्या माणसांना पुस्तकातले उतारे वाचून दाखवते.

पहिला तासभर हे सगळं सुरेख चालतं. सराव संपल्यावर हे लोक अंगावर टॉवेल गुंडाळून बसतात आणि बोलतात. कोणी कोणाला सल्ला देत नाही. एकाने सांगायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, मधूनच कोणी हसायचं. पुरुषांना एकमेकांशी बोलता येत नाही, ही तक्रार आपण किती वेळा ऐकतो. इथे ते कपडे उतरवून बसले आहेत, लपवायला पोट आत ओढण्यापलीकडे काही उरलेलं नाही आणि म्हणून बोलता येतं आहे. फ्रान्समधल्या सार्वजनिक तलावांत पुरुषांना सैल बर्म्युडा चालत नाही, अंगाला घट्ट बसणारी चड्डी आणि डोक्याला टोपी लागते. स्वच्छतेसाठी केलेला हा नियम. ललूश यांनी त्यातून चित्रपटाचा सगळा स्वभाव उभा केला आहे. साहेब असो की खानावळीतला वाढपी, पाण्यात उतरताना सगळे सारखेच उघडे दिसतात.

तलाव ही जागाही विचारपूर्वक निवडलेली आहे. १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमधली निराशा आणि त्या सुमारास झालेले बुडून मरण्याचे अपघात यानंतर फ्रेंच सरकारने देशभर हजार तलाव बांधण्याची योजना हाती घेतली. वास्तुरचनाकार बेर्नार शोलर यांनी त्यासाठी 'तुर्नसोल', म्हणजे सूर्यफूल, या नावाचा गोल घुमटाचा नमुना तयार केला. उन्हाळ्यात या घुमटाचा काही भाग सरकवून उघडता येतो. असे पावणेदोनशेच्या आसपास तलाव लहान-लहान गावांत उभे राहिले. शाळेतली पोरं, बाळंतपण झालेल्या बाया, गुडघे दुखणारे म्हातारे, सगळे एकाच पाण्यात. सरकारी पैशाने बांधलेली, सर्वांना परवडणारी, क्लोरीनचा वास येणारी ही जागा फ्रेंच माणसाच्या बालपणाचा भाग आहे. पराभूत लोकांना भेटायला याहून बरी जागा कुठली सुचली असती?

मग गाडी रुळावरून घसरते. कोणाच्या तरी डोक्यात येतं की नॉर्वेत पुरुषांची जागतिक स्पर्धा आहे, आपण फ्रान्सतर्फे जाऊ. देल्फीन पुन्हा दारूकडे वळते, तिची जुनी जोडीदार अमांदा चाकाच्या खुर्चीवरून येऊन सगळ्यांना फैलावर घेते. जोरकस इंग्रजी गाण्यांवर सरावाचे झटपट तुकडे येतात, कालपर्यंत दम लागणारे लोक पाण्याखाली सफाईने फिरू लागतात आणि नॉर्वेत जाऊन सुवर्णपदक जिंकतात. ज्यांना पुढे चित्रपट बघायचा आहे त्यांची मी क्षमा मागतो, पण हा शेवट सांगितल्याशिवाय या पुस्तकाचा मुद्दाच मांडता येत नाही. शिवाय हा शेवट मध्यंतराच्या आधीच दिसायला लागतो.

खरं तर शेवटचं जलनृत्य तांत्रिकदृष्ट्या वाईट नाही. अभिनेत्यांनी महिनोन्‌महिने मेहनत केली होती. फ्रान्सच्या राष्ट्रीय संघाशी संबंधित प्रशिक्षक जुली फाब्र यांनी त्यांना शिकवलं. पाण्यातून एकदम वर येणारे ते हात बघताना अंगावर काटा येतो, माझ्याही आला. पण काटा येऊन गेल्यावर काय उरतं ते बघा. मार्क्युसचं कर्ज तसंच आहे. सिमोंला राहायला घर नाही. बेर्त्रां मनाविरुद्ध साडूच्या दुकानात लागला होता, त्या अपमानाचं काय झालं? लोराँच्या संसाराची विस्कटलेली घडी? या प्रत्येक प्रश्नाला पदक हे एकच उत्तर दिलं आहे. सुरुवातीला बेर्त्रांच्या निवेदनात चौकोन आणि वर्तुळ यांची एक कल्पना येते, चौकोनी माणूस गोल भोकात बसत नाही अशी. शेवटी तेच निवेदन सांगतं की बसतो. कसा बसतो, त्यासाठी कोणी काय तासलं, हे चित्रपट सांगत नाही. जिंकलं म्हणून बसला.

इथे मला चित्रपटाने स्वतःच्याच माणसांवर अविश्वास दाखवलेला दिसतो. हे लोक हरलेले असूनही प्रेम करण्याजोगे आहेत, असं तो पहिला तासभर आपल्याला पटवतो आणि आपल्याला ते पटतं. मग त्याला स्वतःलाच शंका येते. प्रेक्षक हरलेल्यांवर प्रेम करतील का? त्यापेक्षा जिंकवून टाकू. बेर्त्रांसारखा माणूस थिएटरात बसला असेल, आणि चाळीस लाखांत असे बरेच असणार, तर त्याला या शेवटातून काय मिळालं? तू जिंकलास की तुझं ठीक होईल. हे त्याला त्याच्या साडूनेही सांगितलं होतं.

बाकीच्या खटकणाऱ्या गोष्टी याच अविश्वासातून येतात. देल्फीनचं काम व्हिर्जिनी एफिरा यांनी आणि अमांदाचं लैला बेख्ती यांनी केलं आहे. या दोघी एकत्र पोहत होत्या, एक अपघात झाला, एकीचे पाय गेले, दुसरीचा तोल. या दोघींच्या मैत्रीवर स्वतंत्र चित्रपट झाला असता आणि तो बहुधा या चित्रपटाहून चांगला झाला असता. इथे त्यांच्या वाट्याला पुरुषांना शिस्त लावण्याचं काम येतं आणि अमांदाचा कडवटपणा हसण्यावारी नेला जातो. गटात अवनीश नावाचा एक जण आहे. बालसिंघम तमिळचेल्वन यांनी ही भूमिका केली आहे. तो त्याच्या भाषेत बोलतो, बाकीच्यांना ते कळतं, प्रेक्षकांसाठी मात्र भाषांतर येत नाही. गंमत म्हणून एकदा ठीक. पण पॅरिसमध्ये गार द्यु नॉर स्टेशनच्या मागे ला शापेल भागात गेलं तर किराणा दुकानं, साड्या, केळीची पानं आणि तमिळ पाट्या दिसतात. श्रीलंकेतल्या यादवीतून जीव वाचवून आलेल्या लोकांनी ती वस्ती उभी केली. त्या बाजूच्या माणसाला मेळ्यात घ्यायचं आणि इतरांना दिलेली एक घरची कहाणीही त्याला द्यायची नाही, याला मेळा म्हणता येत नाही. आपण भारतीय प्रेक्षक म्हणून ते चटकन लक्षात येतं, पण ते कुठल्याही प्रेक्षकाच्या लक्षात यायला हवं होतं.

या प्रकाराला दुसरा मार्गच नाही, जिंकल्याशिवाय प्रेक्षक सुखावत नाही, असं कोणी म्हणेल. त्याला उत्तर म्हणून इंग्लंडकडे बघावं लागतं. १९९७ चा पीटर कॅटेनिओ यांचा 'द फुल मॉन्टी' ललूश यांच्या डोळ्यांसमोर असणारच, नसला तरी प्रेक्षकांच्या असतो. शेफील्डचे पोलाद कारखाने बंद पडलेत, बेकार झालेले पुरुष पैशासाठी रंगमंचावर कपडे उतरवायचं ठरवतात. त्यातला जेराल्ड हा पूर्वीचा फोरमन. नोकरी जाऊन सहा महिने झाले तरी त्याने बायकोला सांगितलेलं नाही, रोज सकाळी टाय बांधून घराबाहेर पडतो. बेकारभत्त्याच्या रांगेत गाणं लागतं आणि रांगेतल्या या माणसांचे खांदे, पाय नकळत ठेक्यावर हलायला लागतात. त्या रांगेत हसू येतं, पण रांग कुठे जात नाही. ती बेकारभत्त्याचीच रांग राहते. शेवटी ते एक रात्र नाचतात, एकच रात्र, आणि चित्र तिथेच गोठतं. दुसऱ्या दिवशी कारखाना उघडला असं चित्रपट सांगत नाही. तरी लोक थिएटरातून हसत बाहेर पडले.

त्याच्या एक वर्ष आधीचा मार्क हर्मन यांचा 'ब्रास्ड ऑफ' मला याहून मोठा वाटतो. यॉर्कशरमधली कोळशाची खाण बंद होणार आहे आणि खाणकामगारांचा पितळी वाद्यांचा बँड राष्ट्रीय स्पर्धेच्या अंतिम फेरीत पोहोचला आहे. संगीत वाजवलं आहे ग्राइमथॉर्प कोलियरीच्या खऱ्याखुऱ्या बँडने. हा बँड जिंकतो. लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये, हजारो लोकांसमोर. आणि फुफ्फुसात कोळशाची धूळ भरलेला, इस्पितळातून उठून आलेला बँडमास्टर डॅनी माइकसमोर उभा राहून करंडक नाकारतो. आयुष्यभर ज्याने संगीतापुढे कशाला किंमत दिली नाही, तो जाहीरपणे सांगतो की माणसांपुढे संगीताची किंमत नाही. पीट पोसलथ्वेट यांनी हे भाषण केलं आहे. ते संपल्यावर बँडमधला एक जण करंडक उचलून घेऊन जातोच, कारण जिंकलेली वस्तू सोडून जाणं गरिबाच्या स्वभावात नसतं. त्या दोन मिनिटांत विजय आहे, विजयाचा नकार आहे, संताप आहे आणि हसूही आहे. इथेही माणसं जिंकतात. पण काय गमावून जिंकली ते चित्रपट विसरत नाही. सुवर्णपदकाला माझा विरोध नाही, विसरण्याला आहे.

आणि परदेशात तरी कशाला जायचं, फ्रान्समध्येच याचा वडीलधारा चित्रपट आहे. क्लोद सोते यांचा 'व्हॅंसां, फ्रान्स्वा, पॉल ए लेझोत्र' १९७४ मध्ये आला. इव्ह मोंतां, मिशेल पिकोली, सर्ज रेज्यानी आणि तरुण जेरार देपार्दियु. पन्नाशीतले मित्र रविवारी गावाकडच्या घरी जमतात, जेवतात, फुटबॉल खेळतात. व्हॅंसांचा छोटा कारखाना बुडतो आहे. मार्क्युससारखाच तो बुडणारा धंदेवाला. पण सोते पैशाची गोष्ट पैशासारखी सांगतात. व्हॅंसां मुदतीच्या आत रक्कम उभी करण्यासाठी एकेकाच्या दारी जातो, ओशाळं हसतो, दुसऱ्याची पडलेली मान बघून स्वतःच विषय बदलतो. मित्र प्रेम करतात, पण प्रेमाने हुंडी वटत नाही.

त्या चित्रपटातला रविवारच्या जेवणाचा प्रसंग फ्रेंच सिनेमात प्रसिद्ध आहे. डॉक्टर फ्रान्स्वा म्हणजे पिकोली टेबलाशी उभे राहून मटणाची भाजलेली तंगडी कापत आहेत. तरुणपणी गरिबांची सेवा करायची स्वप्नं पाहिलेला हा डॉक्टर आता श्रीमंतांचा डॉक्टर झाला आहे. बोलता बोलता कोणीतरी नेमकं तिथे बोट ठेवतं. सुरी चालू असते, मग ती थांबते आणि हा शांत माणूस फुटतो. जेवणाला, रविवारला, मित्रांना, सगळ्यांना शिव्या घालतो आणि उठून जातो. टेबलावर मटण तसंच. नंतर ते पुन्हा भेटतात, कारण जाणार कुठे? सोते यांच्या चित्रपटातून बाहेर पडताना मन भरून आलेलं असतं, पण कुणी काही जिंकलेलं नसतं. समूहचित्रपटात बरं वाटण्याचा खरा उगम माणसांच्या सोबतीत आहे, हे सोते यांना पक्कं माहीत होतं. ललूश यांनाही ते माहीत आहे. टॉवेल गुंडाळून बसलेल्या त्या माणसांचे प्रसंग ज्याने काढले त्याला ते माहीत नाही असं कसं म्हणू? म्हणूनच अधिक वाईट वाटतं.

सोते आणि ललूश यांच्या मधला दुवा म्हणजे गियोम काने यांचा २०१० चा 'ले पती मुश्वार'. त्यात ललूश अभिनेते आहेत आणि निर्माते आलां आताल दोन्हीकडे आहेत. मित्र अपघातात जायबंदी होऊन इस्पितळात पडलेला असताना बाकीचे काप फेरेच्या समुद्रकिनारी सुटीला जातात, अडीच तास एकमेकांपासून गोष्टी लपवतात आणि शेवटी एका मोठ्या सामूहिक रडण्यात सगळं धुऊन निघतं. त्यांना चार शब्द सुनावणारा कालवांचा शेतकरी जाँ-लुई हे काम जोएल द्युप्युश यांनी केलं आहे. ते खरोखरच कालवांची शेती करणारे गृहस्थ. त्यांचा एक प्रसंग बाकीच्या तारकादळाला भारी पडतो. काने यांच्याकडे रडणं, ललूश यांच्याकडे पदक. दोघांनाही हिशेब एका फटक्यात मिटवायचा आहे.

आता त्या पोहण्याबद्दल. चित्रपटात पुरुषांनी हा खेळ खेळणं हीच मुळात हसण्याची गोष्ट आहे आणि स्पर्धा म्हणजे गमतीचा भाग. पण पुरुष खरोखर हा खेळ खेळतात आणि त्यांची कहाणी चित्रपटाहून कितीतरी जास्त काही सांगते. अमेरिकेचा बिल मे हा जगातल्या सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक असूनही त्याला २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकला जाता आलं नाही, कारण हा खेळ १९८४ मध्ये ऑलिंपिकमध्ये आला तो फक्त स्त्रियांसाठी. तो निवृत्त झाला, लास व्हेगासमध्ये 'सर्क द्यु सोलेय'च्या जलनाट्यात काम करू लागला. २०१५ मध्ये कझानच्या जागतिक स्पर्धेत मिश्र दुहेरी प्रकार सुरू झाला तेव्हा तो परत आला आणि क्रिस्टिना जोन्सबरोबर सुवर्णपदक जिंकला. पुढे पॅरिस २०२४ साठी सांघिक प्रकारात पुरुषांना परवानगी मिळाली, आणि प्रत्यक्षात एकाही देशाने पुरुष उतरवला नाही. बिल मे चाळिशी ओलांडून पुन्हा प्रयत्न करत होता, त्याचीही निवड झाली नाही. दार उघडलं आणि आत कोणी गेलंच नाही. हरण्याबद्दल सांगायचं तर याहून काय सांगायला हवं?

ललूश यांच्या कल्पनेमागे स्वीडनची खरी माणसं आहेत. स्टॉकहोममधल्या मध्यमवयीन पुरुषांनी असा गट काढला आणि त्यातल्याच डिलन विल्यम्स यांनी २०१० मध्ये 'मेन हू स्विम' हा माहितीपट केला. त्यावरून ललूश यांच्या चित्रपटाच्याच वर्षी इंग्लंडमध्ये 'स्विमिंग विथ मेन'ही निघाला. माहितीपटातले पुरुष आपण कशासाठी पोहतो याचं उत्तर शेवटपर्यंत शोधत राहतात. त्या शोधाला पडद्यावर जागा मिळते, म्हणून ते लक्षात राहतात.

एका तारखेकडे वाचकांचं लक्ष वेधायचं आहे. चित्रपट २४ ऑक्टोबर २०१८ ला लागला. १७ नोव्हेंबरला फ्रान्समध्ये पिवळ्या जॅकेटवाल्यांचं आंदोलन सुरू झालं. डिझेलवरचा कर वाढणार म्हणून छोट्या गावांतली माणसं, प्रत्येक गाडीत सक्तीने ठेवावं लागणारं ते चमकदार जॅकेट घालून, रस्त्यांच्या गोल चौकांवर येऊन थांबली. चित्रपट तेव्हा थिएटरांत जोरात चालू होता. ही माणसं कोण होती? छोटे धंदेवाले, नोकरी गेलेले, शाळेच्या खानावळीत आणि वृद्धाश्रमात काम करणाऱ्या बाया, घटस्फोटित बाप. म्हणजे मार्क्युस, सिमों, बेर्त्रां. पत्रकार फ्लोरॉन्स ओबना यांनी 'ल मोंद' या दैनिकासाठी मार्मांद गावाच्या चौकात राहून त्या डिसेंबरात एक वृत्तांत लिहिला. लाकडी फळ्या ठोकून केलेली झोपडी, शेकोटी, घरून आणलेलं खाणं आणि वर्षानुवर्षं शेजारी राहून कधी न बोललेली माणसं पहिल्यांदा एकमेकांना आपली मिळकत, आपली लाज सांगत होती. टॉवेल गुंडाळून बसलेल्या त्या माणसांचा प्रसंग आठवा. ललूश यांनी आपल्या देशाची नाडी अचूक पकडली होती. एकटं पडलेल्यांना एकत्र बसायला जागा हवी आहे, हे त्यांना आंदोलनाच्या आधी कळलं होतं. कलावंताला याहून मोठं श्रेय देता येत नाही. पण चौकातल्या माणसांना आपल्या दुःखाचं कारण माहीत होतं, ते कागदावर लिहून मागण्या करत होते. ५ डिसेंबरपर्यंत सरकारला ती करवाढ रद्द करावी लागली. चित्रपटातल्या माणसांना मात्र दुःखाचं कारण विचारण्याची मुभा नाही. त्यांना फक्त सराव करायचा आहे.

आपल्याकडे फ्रेंच सिनेमा आला तो फिल्म सोसायट्यांच्या वाटेने. गोदार, त्रुफो, रेने, ब्रेसाँ. पुण्यामुंबईच्या दोन-तीन पिढ्या त्यावर वाढल्या आणि त्यांच्या मनात फ्रेंच प्रेक्षक म्हणजे काहीतरी गंभीर, सिगारेट ओढणारं प्रकरण झालं. प्रत्यक्षात फ्रेंच माणूस विनोदी चित्रपटाला गर्दी करतो. २००८ च्या 'ब्यॅंव्हन्यु शे ले श्ती'ला दोन कोटींहून जास्त तिकिटं गेली, २०११ च्या 'अँतुशाब्ल'ला एक कोटी नव्वद लाखांहून जास्त. आणि तिथे प्रत्येक तिकिटावर १०.७२ टक्के कर असतो, जो सरकारी चित्रपट केंद्राकडे जातो आणि नव्या चित्रपटांच्या मदतीला लागतो. म्हणजे सोसायटीत आपण आदराने बघतो त्या कठीण चित्रपटांच्या खर्चाचा वाटा या हसवणाऱ्या चित्रपटांचे प्रेक्षक उचलतात. लोकप्रिय चित्रपटाची गंभीर समीक्षा व्हायला हवी, याला माझ्या दृष्टीने हे एक कारण पुरेसं आहे. या चित्रपटांबद्दल कोणी नीट लिहीत नाही म्हणून त्यांच्याकडून कोणी काही मागत नाही.

पुढची प्रकरणं स्वतंत्रपणे वाचता येतील अशी आहेत. सोते यांच्यावरचं सगळ्यात मोठं आहे आणि त्यातलं मी काही कमी करणार नाही. काने यांच्यावरचं छोटं. आमालरिक आणि मारिना फोइस यांच्या अभिनयावर एक वेगळा लेख आहे, कारण चित्रपट फसला तरी त्यांचं काम फसलेलं नाही आणि ते दोघे एका खोलीत असताना पडद्यावर जे घडतं त्याची नोंद कुठेतरी असायला हवी. शेवटच्या प्रकरणात फ्रान्स्वा र्‍युफँ आणि जील पेरे यांचा 'ज्व्हो द्यु सोलेय' आहे. पिवळ्या जॅकेटवाल्यांच्या चौकाचौकांतून गाडीने फिरत केलेला, २०१९ मध्ये आलेला माहितीपट. ज्यांना सगळे चित्रपट बघणं जमणार नाही त्यांनी आधी ललूश यांचा चित्रपट बघावा, पूर्ण बघावा, आणि मग लगेच, शक्यतो त्याच आठवड्यात, हा माहितीपट लावावा. पुस्तक त्यानंतर वाचलं तरी चालेल.